धाकटी कुठे जायची

एका दुपारी केस कापता कापता धाकटीनं समोर बघितलं आणि समोरच्या बाईला अगदी आपुलकीनं सांगितलं, "बसा ना, उभ्या का? यांचं होतच आलंय. मग तुम्हालाच घेते."

समोर आरसा होता. आरशात ती स्वतःच होती.

खुर्चीत बँडमास्तर होते. गळ्यापर्यंत कापडात गुंडाळलेले असल्यामुळे त्यांना फक्त डोळे फिरवता येत होते. त्यांनी ते डावीकडे फिरवले, उजवीकडे फिरवले. दुकानात तिसरं कोणीच नव्हतं.

"कोणाला म्हणालात?"

"त्या बाईंना हो. मघापासून ताटकळल्यात. चेहरा बघा ना, किती दमलाय बिचारीचा."

आयुष्यभर ढोल आणि कर्ण्यांच्या मधोमध उभा राहिलेला हा माणूस. सहसा दचकत नसे. पण कात्री कानाजवळ होती आणि कात्री धरणारीला स्वतःचीच ओळख पटत नव्हती. मास्तरांनी पुढचा सगळा वेळ पुतळ्यासारखा काढला. बाहेर पडल्यावर रस्त्यात उभ्या असलेल्या कोणाच्या तरी स्कूटरचा आरसा वाकवून दोन्ही कान तपासले. कान होते. मिशी मात्र उजव्या बाजूला होती तशी होती आणि डावीकडे जेमतेम भुवईएवढी. मिशीला हात लावायला त्यांनी सांगितलंच नव्हतं.

मी त्या दुकानाची जुनी गिऱ्हाईक. माझ्याही डोक्यानं त्या काळात बरंच सोसलंय. एकदा नुसती टोकं कापायला गेले आणि येताना मानेला वारा लागायला लागला. तरीही मी जात राहिले, कारण धाकटी माणूस म्हणून लाख होती. पुढे तिनं आपली सगळी हकिकत मलाच सांगितली, तीही केस कापता कापता, त्यामुळे तुकड्यातुकड्यानं. ते तुकडे जोडून सांगते.

धाकटी म्हणजे त्या घरची धाकटी सून. थोरली सून ती थोरली. दुकान थोरलीचं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन आणि दारावर काचेच्या मण्यांचा पडदा. कोणीही आत शिरलं की मणी त्याच्या केसात अडकायचे, म्हणजे कामाची सुरुवात गुंता सोडवण्यापासूनच. थोरली देहानं दणदणीत, आवाजानं त्याहून. तिचा नवरा ट्रक चालवायचा आणि महिन्यातला निम्मा काळ बाहेर असायचा. लोक म्हणत, तेवढीच त्याच्या कानांना विश्रांती. धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. साधा, हसरा, विनोद सांगायची हौस फार आणि विनोदाचा शेवट मात्र हमखास विसरणारा.

लग्न ठरताना त्याला धाकटी आवडली ती याच कारणानं. बाकीच्या मुली शेवट विसरला की तोंड वाकडं करायच्या. ही शांतपणे बघत राहायची. "माझी बायको फार विचार करते," तो अभिमानानं सगळ्यांना सांगायचा. कधीकधी ती अर्ध्या तासानं एकदम हसायची. मग तो खूश. पोचायला उशीर झाला, पण विनोद पोचला ना.

घरात सगळ्यांना माहीत झालं होतं की धाकटी मधूनच "जाते". डोळे उघडे, हात चालू, आणि बाई घरात नाही. भाजी आणायला जायची आणि फरशी पुसायचे मॉप घेऊन यायची. एकाच आठवड्यात घरात इतके मॉप झाले की थोरली म्हणाली, "अगं, फरशी एकच आहे आपली, मैदान नाही!" मॉप कोणत्या दुकानातून आणले ते धाकटीला सांगता येईना. ते घेतल्याचंच तिला आठवत नव्हतं. एकदा घरी येताना स्वतःचं घर ओलांडून पुढे गेली आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंच्या ओट्यावर बसून चप्पल काढायला लागली. त्या बाईंनी चहा दिला. तो पिऊन कप धुऊन ठेवला आणि आली.

थोरलीनं हे प्रकरण हातात घेतलं. तिच्या हातात आलेलं प्रकरण सहसा वाढायचंच. आधी तिला वाटलं, डोळे गेले. चष्मेवाल्यानं तपासलं, नजर उत्तम निघाली. तरी थोरलीनं साध्या काचांचा चष्मा करून घेतलाच. "सवय असावी," म्हणाली. मग वाटलं, कान. मग रक्त कमी. लोहाच्या औषधानं धाकटीचे दात काळे पडले आणि मॉप येतच राहिले. शेवटी एक दिवस थोरलीनं दार लावून हळू आवाजात, म्हणजे फक्त शेजारच्या दुकानापर्यंत जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "खरं सांग. कोणी आवडायला लागलंय का तुला?"

"नाही हो, ताई."

"मग जातेस कुठे?"

"मलाच कळत नाही. मधलं पान फाडल्यासारखं होतं. इथे असते, आणि मग एकदम पुढच्याच ठिकाणी असते."

थोरलीनं तिला मिठी मारली आणि लोहाचं औषध दुप्पट केलं.

हे असंच चाललं असतं. पण एका शनिवारी दुकानात एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी सहा-सात वर्षांची, केस कापायला अजिबात राजी नव्हती. आई दवाखान्यात रात्रपाळी करून आलेली, डोळे तांबारलेले, अंगात त्राण नाही. मुलीनं खुर्चीत रडायला सुरुवात केली. धाकटीनं गोड बोलून निम्मे केस कापलेही. तेवढ्यात आईचा तोल सुटला. तिनं मुलीची हनुवटी धरून तोंड आरशाकडे वळवलं. "रड अजून! बघ आरशात, कशी दिसतेस रडताना! बघ!"

एवढंच. वाईट बाई नव्हती ती. दमलेली होती.

नेमका त्याच वेळी थोरलीचा फोन वाजला. ती फोन घेऊन मागच्या दाराला गेली, आई बाकावर टेकली आणि बसल्या बसल्याच पेंगली. दोघींचं लक्ष पुन्हा खुर्चीकडे गेलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. मण्यांचा पडदा हलत होता.

पुढे जो गोंधळ झाला तो त्या रस्त्यानं पूर्वी पाहिला नव्हता. आई अनवाणी धावतेय. तिच्यामागे थोरली, एका हातात वस्तरा. वस्तरा ठेवायचं भान राहिलं नव्हतं, त्यामुळे समोरून येणारी माणसं भराभर बाजूला होत होती. आंघोळ सोडून आलेला एकजण गॅलरीतून ओरडून विचारत होता, "कोणाला मारायचंय?" चौकातला हवालदार धावत आला. त्यानं आधी थोरलीच्या हातातला वस्तरा काढून घेतला आणि मग विचारलं काय झालं. "माझी मुलगी पळवली," असं आई म्हणाली. "माझी जाऊ हरवली," असं थोरली म्हणाली. हवालदारानं दोन्ही तक्रारींचं मिळून एकच वर्णन वहीत उतरवलं, त्यामुळे बिनतारी संचावरून सगळीकडे निरोप गेला की सहा वर्षांची, चष्मा लावणारी, विवाहित मुलगी बेपत्ता आहे.

त्या दोघी सापडल्या बागेत. झोपाळ्यावर मुलगी बसलेली. गळ्यात केस कापायचं कापड, वाऱ्यानं मागे फडफडतंय. डोक्याच्या एका बाजूला लांब केस, दुसरीकडे कानाच्या वर. मागून धाकटी झोके देतेय. तिच्या अंबाड्यात कंगवा खोचलेला, डोळे कुठेतरी लांब. मुलगी आनंदानं किंचाळत होती.

"काकू बोलत नाहीत काहीच," तिनं आईला वरूनच सांगितलं, "पण झोका मस्त देतात! तू नाही देत इतका उंच!"

आईनं तिला छातीशी धरलं. थोरलीनं धाकटीचे खांदे गदागदा हलवले. धाकटीनं इकडे तिकडे बघितलं. बाग, झोपाळा, हवालदार. आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला, कारण इथे कशी आले याचा एकही धागा तिच्यापाशी नव्हता.

"मी काय केलं?" एवढंच ती विचारत राहिली. "ताई, मी हिला काही केलं नाही ना?"

चौकीत सगळे बसले. आई आधी भयंकर चिडलेली होती. पण धाकटीला थरथरताना बघितलं आणि तिच्यातली परिचारिका जागी झाली. तिनं नाडी बघितली, डोळ्यांत बघितलं, काही प्रश्न विचारले. मग हवालदाराला म्हणाली, "तक्रार राहू द्या. यांना आमच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे पाठवा. हे आजचं नाही, जुनं दिसतंय."

हवालदारानं वही मिटली. थोरलीनं त्याच्याकडे वस्तरा परत मागितला. मुलीनं उरलेले केस कापून घ्यायला ठाम नकार दिला. ती तशीच घरी गेली आणि पुढचा आठवडाभर शाळेतल्या दोन-तीन मुलींनी तसेच केस हवेत म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, असं म्हणतात.

मनाच्या डॉक्टरांनी धाकटीला तपासलं. मेंदूचे झटके वगैरे नाहीत याची खात्री करून घेतली आणि तिला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. या बाईंना बारा महिने सर्दी. टेबलावर रुमालांचा ढीग. आवाज असा, की कोणतंही वाक्य रडवेलं वाटावं. पहिल्या दिवशी बाईंनी नुसतं विचारलं, "लहानपणी घरात कोण कोण होतं?" आणि धाकटी गेली. पूर्ण वेळ. बाई थांबल्या, हळू आवाजात काहीबाही बोलत राहिल्या, खिडकीबाहेर कोणतं झाड आहे, आज वार कोणता. वेळ संपता संपता धाकटी परत आली. समोर खुर्चीत एक बाई, समोर तिचं डोकं. धाकटी चटकन उठून त्यांच्या मागे गेली, बोटांनी केस उचलून विचारलं, "मागून किती घेऊ?"

"बोटभर," बाई म्हणाल्या. "पण आज नको. पुढच्या बुधवारी या, आणि कात्री घरी ठेवून या."

धाकटीला त्या बाई तेव्हापासून आवडल्या.

सांगायला तिला बरेच बुधवार लागले. सांगितलं ते असं.

आईवडील कामासाठी दुसऱ्या गावी गेले तेव्हा त्यांनी तिला आत्याकडे ठेवलं. वडिलांची थोरली बहीण. गल्लीत आत्याचं नाव मोठं. कोणाचं मूल आजारी पडलं की आत्या हजर, कोणाकडे अडलं की आत्या उभी. घरात मात्र दूध सांडलं, उत्तर द्यायला उशीर झाला, बूट वाकडे ठेवले, कशानंही कपाटातला लाकडी हँगर निघायचा. मारून झाल्यावर आत्या तिला त्या कपाटाच्या आरशासमोर उभी करायची. हलायचं नाही. डोळे मिटायचे नाहीत. "रडताना कशी दिसतेस ते बघ. बघत रड. डोळे मिटलेस तर पुन्हा." आत्या मागे खुर्चीत बसून विणकाम करायची. किती वेळ ते आत्याच्या मनावर.

पळता येत नव्हतं, डोळे मिटता येत नव्हते. मग एक दिवस पोरीला तिसरीच युक्ती सापडली. डोळे उघडे ठेवायचे आणि आपण निघून जायचं. ती वर जायची, पंख्याच्या पात्यावर. तिथून खाली आरशासमोर एक मुलगी दिसायची.

"तिचं वाईट वाटायचं का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. भांग फार वाकडा आहे हिचा, एवढंच वाटायचं."

हे सांगून धाकटी हसली, आणि हसता हसता तिला इतकं रडू आलं की बाईंचा अख्खा रुमालांचा ढीग त्या दिवशी संपला. दोघींनी निम्मा निम्मा वापरला.

बाईंनी तिला समजावलं ते मला तिनं तिच्या शब्दांत सांगितलं. मार चुकवता येत नाही तेव्हा मन स्वतःला बाजूला काढून ठेवतं. ते वेड नाही. त्या वयात, त्या घरात, तिला सापडलेला तोच एक दरवाजा होता. अडचण एवढीच की आता आत्या समोर नाही, हँगर नाही, तरी कोणी आवाज चढवला की दरवाजा आपला उघडतोच. शिवाय दिवसभर आरशासमोर उभं राहायचं काम. जावेचं दुकान होतं म्हणून ती आरशासमोर आली होती, आरशाचा आणि आपला काही संबंध आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

मग बाईंनी परत येण्याचे उपाय शिकवले. पाय जमिनीला घट्ट टेकायचे. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. थंड पाण्याला हात लावायचा. आणि घरच्यांनाही सांगा, म्हणाल्या.

घरच्यांना सांगायचं म्हणजे आत्याबद्दलही सांगणं आलं. एका दुपारी जेवणं झाल्यावर तिनं नवऱ्याला आणि थोरलीला बसवून सांगितलं. नवरा ऐकत राहिला. मग तो उठला, हत्यारांची पिशवी काढली, स्टूल घेतलं आणि छताचा पंखा खाली उतरवून उघडायला बसला. पंखा उत्तम चालत होता. संध्याकाळपर्यंत त्यानं त्याचे सगळे भाग पुसले, परत जोडले, आणि त्या दिवसापासून तो पंखा खडखड करतो.

काम संपल्यावर तो तिच्याजवळ येऊन बसला. "लिफ्टमध्ये माणूस अडकतो ना," म्हणाला, "तेव्हा आम्ही आधी हत्यार काढत नाही. आधी बोलतो. बाहेरून. मी आलोय, इथेच आहे, आज जेवलात काय, असं. आतल्याला कळलं पाहिजे की बाहेर कोणीतरी आहे. मी तसं बोललो तर चालेल?"

"काहीही बोललात तरी चालेल."

"विनोद?"

"शेवटासकट सांगणार असाल तर."

थोरलीचं मात्र वेगळं. तिनं उपाय ऐकले आणि अक्षरशः अमलात आणले. थंड पाण्याला हात लावायचा, यातला हात तिनं काढून टाकला आणि पाणी ठेवलं. धाकटीची नजर जरा स्थिर झाली की थोरली तांब्याभर पाणी सरळ तोंडावर मारायची. "आलीस?" "ताई, मी सुईत दोरा ओवत होते!" दुकानात तर ती फवारणीची बाटली कमरेलाच खोचून फिरायला लागली. पाच वस्तूंचं तर विचारूच नका. "पाच वस्तू!" अशी आरोळी आली की धाकटी नावं घ्यायच्या आत गिऱ्हाइकंच घ्यायला लागायची. कंगवा! बादली! बँडमास्तरांचं टक्कल! "टक्कल वस्तू नाही!" बँडमास्तर खुर्चीतून ओरडायचे. ते आता मिशी पूर्ण काढून यायचे, म्हणजे जायला काही उरतच नाही. मी स्वतः एकदा "पडदा" म्हणाले तर थोरलीनं मला खोडून काढलं. पडदा काल होऊन गेला, आज नवीन वस्तू सांगा म्हणाली.

पण त्या आरडाओरड्यात एक गोष्ट झाली. थोरलीचा तो दणदणीत आवाज, ज्यानं पूर्वी धाकटी सर्रकन निघून जायची, तोच आवाज आता तिला "परत ये" म्हणत होता. सुरुवातीला तिचं मन गोंधळायचं, पळावं की यावं. मग हळूहळू सरावलं. पाणी मात्र बाईंनीच थांबवलं. थोरलीला बोलावून घेतलं आणि रडवेल्या आवाजात सांगितलं, "अहो, भिजवू नका त्यांना. सर्दी फार वाईट असते."

त्यानंतर कधीतरी आत्याच्या मुलाचा फोन आला. आत्या थकलीय, तुझी आठवण काढते, येऊन जा.

बाई म्हणाल्या, जायलाच हवं असं काही नाही. कोणाचंही देणं नाही तुमच्यावर. धाकटीनं बरेच दिवस विचार केला आणि सांगितलं, जाते. मला बघायचंय ती केवढी आहे ते. मनात अजून ती छतापर्यंत उंच आहे. मग दोघींनी मिळून ठरवलं की कुठे बसायचं, दार कोणत्या बाजूला असावं, कधी उठायचं. सोबत थोरली. थोरली बसमध्ये सगळी वाट भाषणाची तयारी करत होती. मधूनच मूठ आवळून म्हणायची, "आणि मग मी म्हणेन, लाज नाही वाटली तुम्हाला?" पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी दोनदा वळून माफी मागितली.

आत्या खिडकीपाशी खुर्चीत बसलेली होती. एवढीशी. खुर्चीत उशी घालून उंच केलेली. केस विरळ, गळ्याशी लोंबणारे. मुलानं चहाबिस्किटं ठेवली आणि तो बाहेर गेला. थोरलीनं पदर खोचला, उभी राहिली आणि सुरू झाली.

"तुम्ही हिला मारत होतात!"

"काय?" आत्यानं कानाला हात लावला.

"मारत! होतात! लहान लेकराला!"

"हो हो, घ्या ना. अजून घ्या. लाजू नका."

"बिस्किट नाही हो! हँगर! हँगरनं मारायचात!"

"बाहेर? बाहेर गेलाय तो. येईल आत्ता."

थोरलीनं असा हल्ला आयुष्यात कधी वाया घालवला नव्हता. ती आणखी ओरडली. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. रस्त्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. सगळ्या आळीला कळलं की आत्या मारायची, फक्त आत्याला कळलं नाही. ती प्रसन्नपणे थोरलीकडे बघत होती. शेवटी धाप लागून थोरली खाली बसली आणि हरल्यासारखी एक बिस्किट खायला लागली.

मग आत्या धाकटीकडे वळली. "तू केस कापतेस म्हणे. माझे काप ना. मानेवर फार टोचतात. तो कपाटाचा आरसा आण इकडे." आणि थोरलीला म्हणाली, "किती शहाणी पोर होती म्हणून सांगू. मुकाट उभी राहायची. हूं का चूं नाही."

धाकटीला कळलं, आपण निघालो. कानात कापूस भरल्यासारखं झालं, हात दुसऱ्याच कोणाचे तरी वाटायला लागले. वर छताला पंखा होता. ती वर बघणार होती. पण तिनं खाली बघितलं. पायांकडे. पाय चपलेत होते, चपलेचा पट्टा निळा होता. कप. बशी. खिडकी. थोरलीच्या हनुवटीवर बिस्किटाचा चुरा. पाच झाल्या. ती तिथेच होती.

"नाही, आत्या," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मी नाही कापणार."

हे मात्र आत्याला ऐकू गेलं. "का गं?"

"तुम्ही मला मारायचात. आरशासमोर उभी करायचात. म्हणून नाही कापणार."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर काहीतरी हललं, पश्चात्ताप होता की नुसता राग, ते धाकटीला आजही सांगता येत नाही. "तुझ्या भल्यासाठीच," असं काहीतरी आत्या पुटपुटली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

थोरली तिच्या कानाशी वाकली. तिचे डोळे चमकत होते. "मी कापू का? अशी कापते की..."

"नको, ताई. चला."

बाहेर येऊन धाकटी गटाराशी वाकून ओकली. मग तोंड धुतलं, मग तिला सपाटून भूक लागली. स्थानकासमोरच्या खानावळीत तिनं दोन ताटं संपवली, आणि थोरली समोर बसून रडत होती. आपलं सगळं भाषण वाया गेलं म्हणून, असं ती म्हणाली. आत्याकडे त्या पुन्हा गेल्या नाहीत. काही महिन्यांनी आत्या वारल्याचं कळलं, तेव्हाही धाकटी गेली नाही. त्या दिवशी ती दुकान बंद करून घरी झोपली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. अजूनही ती कधी जाते. बुधवार चालू आहेत. पण जाऊ लागलं की आता तिला आधी कळतं, आणि ती कात्री खाली ठेवून मोकळेपणानं सांगते, "जरा थांबा हं, मी येतेच." लोक थांबतात. आणि माझे केस आता सांगितले तेवढेच कापले जातात.

घरच्यांना मात्र नवीनच ताप सुरू झाला. धाकटी घरात राहायला लागली, म्हणजे तिला मतं फुटली. सुरुवात फ्लॉवरपासून झाली. एका जेवणात तिनं ताट सरकवलं. "मला फ्लॉवर आवडत नाही."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "लग्न झाल्यापासून खातेस की! आवडीनं!"

"मी नव्हतेच तिथे."

मग कळलं की तिला निळी भिंतही आवडत नाही. उशी मऊ हवी. लग्नानंतर दोघांनी पाहिलेले सगळे चित्रपट तिला परत बघायचेत, कारण बहुतेकांचा मध्यंतरानंतरचा भाग तिला माहीतच नाही. नवरा हौसेनं तयार झाला, कारण शेवट त्यालाही आठवत नाहीत. थोरलीशी तर तिचं पहिलं भांडण झालं, दुकानातल्या रेडिओवर काय लावायचं यावरून. दोघी इतक्या ओरडल्या की केस धुवायला बसलेल्या बाई फेसासकट उठून घरी गेल्या. भांडून झाल्यावर थोरलीनं मला मागच्या दाराशी गाठलं आणि हळूच सांगितलं, "बघितलंत? माझ्यासमोर उभी राहून ओरडली. कुठे गेली नाही हो!" डोळे पुसले आणि आत जाऊन पुन्हा भांडायला लागली.

परवा मी त्यांच्याकडे जेवायला होते. थोरलीनं सवयीनं विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" हा प्रश्न ती रोज विचारते आणि रोज सगळे मान हलवतात. धाकटीनं घास तोंडात घोळवला, नीट चव घेतली आणि म्हणाली, "थोडं जास्तच झालंय, ताई."

नवऱ्यानं पाण्याचा पेला उगाच उचलून ठेवला.

"गायब असायचीस तेच बरं होतं, बाई," थोरली म्हणाली, आणि तिच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला, मीठ कमी लागावं म्हणून.